नागपुरात जुनं घर घेताय? बयाणा द्यायच्या आधी विक्रीची साखळी आणि मोहल्ला कसा तपासायचा

मागच्या दोनेक वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या पाच-सहा जणांनी जुन्या घराची फाईल माझ्याकडे आणून दिली, "जरा पाहून दे ना भाऊ" म्हणून. सगळ्यांची चूक एकच. घर आवडलं, अंगणात आंब्याचं झाड दिसलं, दलाल म्हणाला दुसरी पार्टी तयार आहे, की लगेच दोन-तीन लाख बयाणा दिला आणि मग कागद पाहायला घेतले. क्रम उलटा झाला की पुढचं सगळंच उलटं होतं, कारण पैसे अडकलेला माणूस कागदातली खोट पाहतच नाही, ती कशी झाकता येईल तेच पाहतो.

हे फक्त स्वतंत्र घरासाठी आहे, म्हणजे मानेवाडा, त्रिमूर्ती नगर, नंदनवन, जरीपटका, दिघोरी, प्रताप नगर अशा भागांतलं प्लॉट आणि त्यावरचं वीस-चाळीस वर्षं जुनं घर. फ्लॅटची गोष्ट वेगळी आहे. आणि वकील लावायचाच आहे, हे वाचून वकिलाची फी वाचवायला जाऊ नका.

१. घर पाहायला जायच्या आधी: एक वही आणि पाच नंबर

विकणाऱ्याला किंवा दलालाला फोनवरच पाच गोष्टी विचारा: मौजा (महसुली गाव) कोणता, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) काय, लेआउटमधला प्लॉट नंबर काय, सिटी सर्व्हे नंबर आणि शीट नंबर काय, आणि महापालिकेच्या घरटॅक्सचा इंडेक्स नंबर काय. "या तर खरं, घर तर पाहा" असं उत्तर आलं तरी नंबर मिळेपर्यंत थांबा, कारण या पाच नंबरांशिवाय पुढची एकही पायरी होत नाही.

सोबत झेरॉक्स मागा. आत्ताच्या मालकाची रजिस्ट्री, त्याच्या आधीच्या सगळ्या रजिस्ट्र्या, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मंजूर नकाशा, टॅक्स पावती, लाईट बिल, पाणी बिल. सगळे कागद एकदम कोणीच देत नाही, पण कोणता कागद द्यायला टाळाटाळ होतेय ते वहीत लिहून ठेवा. बहुतेक वेळा लोचा त्याच कागदात असतो.

थांबा: टॅक्स पावतीवर नाव आहे म्हणजे मालक आहे असं नसतं. लाईट बिलाचंही तसंच. आखीव पत्रिकेवर नाव असलं तरी मालकी शेवटी रजिस्टर्ड दस्तावरून, वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रावरूनच ठरते.

२. आधी जमीन कोणाची ते पाहा, घराचं नंतर

नागपुरात एकाच रस्त्यावर दोन घरांच्या जमिनीचा प्रकार वेगळा असू शकतो, आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक सल्ला देतात तेव्हा त्यांना हे माहीत नसतं. मोटामोटी चार प्रकार धरा.

नझूलचा पट्टा: जमीन सरकारची, घर तुमचं. पट्ट्याची मुदत संपली का, नूतनीकरण झालं का, शर्तभंगाची नोटीस आहे का, की फ्रीहोल्ड करून घेतलंय, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत कळतं. नुसतं "होऊन जाते ते" या शब्दावर जाऊ नका.

एनआयटीचा लीजचा प्लॉट: नागपूर सुधार प्रन्यासनं भाडेपट्ट्यानं दिलेला, सहसा ३० वर्षांच्या मुदतीवर. विक्रीला त्यांची परवानगी लागते, भूभाडं थकलं असेल तर आधी ते भरावं लागतं. मुदत कधी संपते ती तारीख वहीत लिहा.

लेआउटचा प्लॉट, आरएलवाला (आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र): शेतजमिनीवर सोसायटीनं किंवा खाजगी माणसानं प्लॉट पाडले, पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली एनआयटीनं नियमित केले. ५७२ लेआउट आणि १९०० लेआउट हे शब्द तुम्ही ऐकलेच असतील, ते याच प्रकारातले. इथे दोन कागद पाहायचे, डिमांड (नियमित करायचे पैसे) भरल्याच्या पावत्या आणि आरएल लेटर. डिमांड भरली म्हणजे आरएल मिळाला असं नाही, या दोन गोष्टींची गल्लत मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

चौथा प्रकार बाहेरच्या पट्ट्यातला, जिथे प्लॉट पडला तेव्हा ग्रामपंचायत होती. आता तिथे महापालिका आहे, नगरपंचायत आहे की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ते आधी ठरवा. जमीन अकृषक झाल्याचा आदेश आहे का, सातबारावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, तेही पाहा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही, आणि ग्रामपंचायतीनं दिलेली घरपट्टी म्हणजे काही बांधकाम परवानगी नाही.

तपासून घ्या: आखीव पत्रिकेची नवी नक्कल स्वतः काढा, विकणाऱ्याकडची २०११ ची झेरॉक्स चालवून घेऊ नका. त्यात धारक, क्षेत्रफळ, इतर हक्क आणि खालच्या नोंदी वाचा. जुन्या मोठ्या प्लॉटवर यूएलसीची (नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची) नोंद दिसली तर सोडून देऊ नका. तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, पण आधी दिलेल्या सवलतीच्या अटी काही ठिकाणी अजून डोकं वर काढतात, त्यामुळे ती नोंद वकिलाला दाखवाच.

३. विक्रीची साखळी: मागून पुढे नाही, पुढून मागे

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. एका कोऱ्या पानावर वर आत्ताच्या मालकाचं नाव लिहा, त्याखाली त्यानं कोणाकडून घेतलं, कधी, दस्त नंबर काय, मग त्याच्या खाली त्याच्या आधीचा, असं करत किमान ३० वर्षं मागे जा, आणि जमलं तर लेआउट पडला तिथपर्यंत. प्रत्येक दोन नावांच्या मध्ये एक बाण काढा आणि बाणावर लिहा की मालकी कशानं आली: विक्रीपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, की नुसता वारस फेरफार. ज्या बाणावर लिहायला काही सापडत नाही तिथे लाल पेनानं गोल करा, सौदा तिथेच अडणार आहे.

नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च मोफत आहे, मुंबईबाहेरचे दस्त साधारण २००२ पासूनचे दिसतात. त्याआधीचं पाहायला दुय्यम निबंधक कार्यालयातले इंडेक्स चाळावे लागतात, हे काम वकिलाकडूनच करून घ्या आणि सर्च फीची पावती मागा. पावती नसलेला सर्च रिपोर्ट म्हणजे कोणीतरी घरी बसून लिहिलेला कागद. आणि सर्च फक्त प्लॉट नंबरनं करून थांबू नका, नागपुरात एकाच जमिनीला कधी खसरा, कधी सिटी सर्व्हे नंबर, कधी लेआउटचा प्लॉट नंबर लावून दस्त झालेत, तिन्ही नंबरांनी पाहायचं.

साखळीत मला वारंवार दिसलेल्या त्रुटी सांगतो.

वारस गाळलेले असतात. वडील गेले, तीन भावांनी आपली नावं चढवली आणि विकायला काढलं, बहिणींचं नावच नाही. "त्यांना लग्नात दिलं ना सगळं" हे कायद्यात बसत नाही. बहीण वारस असेल तर तिची विक्रीपत्रावर सही पाहिजे किंवा रजिस्टर्ड हक्कसोडपत्र पाहिजे, साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं चालत नाही. वारसांत कोणी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर त्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते, ती आहे का पाहा.

मुखत्यारपत्रावर झालेली विक्री असते. मूळ मालकानं पैसे घेऊन पॉवर ऑफ अॅटर्नी आणि ताबा दिला, रजिस्ट्री कधी केलीच नाही. अशा व्यवहारानं मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. आत्ता मुलगा अमेरिकेत आहे आणि मामा मुखत्यार म्हणून सही करणार असं असेल, तर ते वेगळं, ते चालतं, पण मुखत्यारपत्र नीट नोंदलेलं आहे का, त्यात विक्रीचा अधिकार आहे का, आणि देणारा माणूस जिवंत आहे का, त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएसचा नियमही वेगळा आणि जड असतो, सीएला आधी विचारा.

चतुःसीमा बदललेली असते. १९८५ च्या दस्तात पूर्वेला रस्ता, २००४ च्या दस्तात पूर्वेला प्लॉट नंबर १४. असं कसं झालं? कधी टायपिंगची चूक असते, कधी प्लॉटच दुसरा असतो. सोसायट्यांनी एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या भानगडी आपल्या शहरात कमी नाहीत, म्हणून सोसायटीच्या प्लॉटला सभासदत्वाची पावती, वाटप पत्र आणि सोसायटीनं करून दिलेली पहिली रजिस्ट्री, तिन्ही एकमेकांशी जुळवा.

कर्ज लपवलेलं असतं. "ओरिजिनल बँकेच्या लॉकरमध्ये आहे" आणि "ओरिजिनल बँकेकडे आहे" यात लाखोंचा फरक आहे. सगळ्या दस्तांची मूळ प्रत हातात घेऊन पाहा, सरसाईच्या (तारण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंद) साईटवर शोधा, ई-कोर्ट्सवर साखळीतल्या नावांनी केस आहे का ते पाहा. मूळ दस्त हरवला म्हणत असतील तर पोलीस तक्रार, जाहीर सूचना आणि प्रमाणित नक्कल या तिन्ही गोष्टी मागा.

अजून एक, भाव कळायला साखळीचा फार उपयोग होतो. त्याच लेआउटमधल्या तीन-चार घरांचे मागच्या दोन वर्षांतले इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) काढा, त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही लिहिलेलं असतं. दलालानं सांगितलेला रेट मग आपोआप जागेवर येतो. आणि घर सात-आठ वर्षांत तीनदा विकलं गेलं असेल तर कारण कागदात सापडणार नाही, पाचव्या पायरीत सापडेल.

थांबा: लाल गोल शिल्लक असेल तर पुढे जाऊ नका. "रजिस्ट्रीच्या दिवशी करून देऊ" असं ऐकून भले भले फसले आहेत.

४. घर: नकाशा, मोजमाप, माती

टेप घेऊन जा. प्लॉटची लांबी-रुंदी मोजा, दस्ताशी आणि आखीव पत्रिकेशी ताडून पाहा. फरक जास्त असेल किंवा शेजाऱ्याची भिंत आत आल्यासारखी वाटत असेल तर विकणाऱ्याला सरकारी मोजणी करायला सांगा आणि क प्रत (मोजणीचा नकाशा) मागा.

मंजूर नकाशा हातात घेऊन घराभोवती फिरा. बाजूच्या मार्जिनमध्ये बांधलेली खोली, मागचा संडास-बाथरूम, वरचा पूर्ण मजला जो नकाशात नाहीच, हे जुन्या घरांत सर्रास दिसतं. नकाशाबाहेरच्या बांधकामाचे पैसे देऊ नका, आणि एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकामाची नोटीस आलेली आहे का ते झोन ऑफिसात विचारा. बँकेचा व्हॅल्युअर पण नकाशाप्रमाणेच मोजतो, त्यामुळे लोन कमी बसतं आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

माती बघायलाच पाहिजे. नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असला की भिंतीला तिरपे तडे जातात. म्हणून नव्या पेंटला भुलू नका. दाराच्या चौकटीचे कोपरे, खिडकीखालची भिंत, कंपाउंड वॉल (तिथे कोणी पेंट मारत नाही), टाईल्सचे सांधे पाहा. दार अडकतं का तेही पाहा. तडा बोटानं नाही, पाच रुपयांच्या नाण्यानं तपासा, नाणं आत गेलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. शक्य असेल तर एकदा मे महिन्यात दुपारी तीनला आणि एकदा जुलैच्या झडीत जा, पश्चिमेची भिंत किती तापते आणि स्लॅब कुठून गळतो हे दोन चकरांत कळतं.

५. मोहल्ला: साखळीचं पान खिशात घेऊन फिरा

बहुतेक लोक मोहल्ला पाहतात म्हणजे शाळा किती लांब, मेट्रो स्टेशन किती लांब, किराणा कुठे, एवढंच पाहतात. तेही पाहाच. पण तिसऱ्या पायरीत काढलेलं नावांचं पान घेऊन समोरच्या आणि बाजूच्या घरी जा, चहा मिळतोच, आणि एकेक नाव वाचून विचारा, हे कोण होते, किती भावंडं, का विकलं.

माझ्या मावसभावाच्या वेळी हेच कामी आलं. कागदावर आई आणि तीन मुलं, वकिलानं सर्च क्लिअर दिला, बँकेचं लोन मंजूर. समोरच्या काकू म्हणाल्या, "अन् मोठी कुठे गेली? तिचं लग्न तर याच अंगणात झालं, दुर्गला देलं तिले." वारसांच्या प्रतिज्ञापत्रात मोठ्या मुलीचं नावच नव्हतं. सर्चमध्ये ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण सर्च नोंदलेले दस्त दाखवतो, न लिहिलेली माणसं दाखवत नाही. पुढे ताईंना शोधलं, त्या स्वतः आल्या, त्यांचा हिस्सा त्यांना मिळाला आणि मग रजिस्ट्री झाली. पाच महिने गेले, पण आज ते घर निवांत आहे आणि ताई दिवाळीला येऊन गेल्या. म्हणून मी ही पायरी कोणालाही गाळू देत नाही.

पाण्याचं दोन अंगांनी विचारा. एक, घरात येणारं: ओसीडब्ल्यूचं (ऑरेंज सिटी वॉटर, शहराला पाणी पुरवणारी कंपनी) मीटर आहे का, नळ किती वेळ असतो, उन्हाळ्यात टँकर लागतो का, बोअर किती फुटांवर आहे आणि मेमध्ये आटते का. दुसरं, घरात शिरणारं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात घरांत पाणी शिरलं, त्या आधी तिथल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आपली वस्ती तर भारी आहे. म्हणून "इथे कधी पाणी येत नाही" हे दलालाकडून ऐकू नका, तळमजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्याला विचारा की त्या रात्री पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं. नाग, पिवळी, पोरा या तिन्ही नद्या आणि त्यांना मिळणारे नाले नकाशावर शोधा, झाकलेला नालाही नालाच असतो.

रस्त्याची पातळी बघा. सिमेंट रोड झाल्यापासून जुन्या मोहल्ल्यांत रस्ता वर आणि अंगण खाली असं झालंय, गेटमधून आत जाताना उतार लागला की समजा पावसाचं पाणी पण त्याच वाटेनं येणार. प्लिंथ (घराचं जोतं) उचलणं सोपं नाही, बहुतेक वेळा पाडूनच बांधावं लागतं, तो खर्च आत्ताच भावात धरा.

मग झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. समोरची मोकळी जागा बाग आहे की कशासाठी आरक्षित, घरासमोरचा ३० फुटांचा रस्ता विकास आराखड्यात ६० फुटांचा आहे का, म्हणजे पुढचं अंगण जाणार का. डोक्यावरून किंवा जवळून हाय टेन्शन लाईन जात असेल तर वरचा मजला विसरा. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला असाल तर उंचीचं बंधन विचारा.

आणि रात्री जा, लग्नसराईत जा. मागच्या गल्लीत लॉन किंवा मंगल कार्यालय असेल तर रविवारी सकाळी ते कळत नाही, वरातीच्या रात्री गाड्या तुमच्या गेटसमोर लागतात तेव्हाच कळतं.

६. आता बयाणा

पहिली रक्कम छोटी आणि चेकनं, सोबत लेखी की टायटल क्लिअर न झाल्यास पूर्ण परत. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं आयकर कायद्यात चालत नाही, आणि रोख दिलेलं परत मागायला तुमच्याकडे पुरावा पण नसतो. मग वकिलाकडून दोन स्थानिक पेपरात जाहीर सूचना द्या, एक मराठी, एक इंग्रजी, १५ दिवसांची मुदत. हरकत आली नाही तर रजिस्टर्ड इसारपत्र (विक्रीचा करार), त्यात सगळ्या वारसांच्या सह्या, उरलेल्या रकमेचं वेळापत्रक, थकबाकी कोण भरणार, ताबा कधी. ताब्याचं वाक्य कसं लिहिलंय यावर इसारपत्रालाच पूर्ण स्टॅम्प ड्युटी लागू शकते (ती नंतर विक्रीपत्रात वजा होते), म्हणून ते वाक्य वकिलाकडूनच लिहून घ्या.

७. रजिस्ट्री

इथे फार सांगण्यासारखं नाही, आधीचं नीट केलं असेल तर हा दिवस दोन-तीन तासांचा आहे. स्टॅम्प ड्युटी व्यवहाराची रक्कम आणि रेडी रेकनरचं (सरकारी दराचं) मूल्य यात जे जास्त त्यावर लागते. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, हे भरणारा विकणारा नाही, घेणारा असतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

तपासून घ्या: सही करायच्या आधी मसुद्यातला मौजा, खसरा, सिटी सर्व्हे नंबर, शीट नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं आखीव पत्रिकेत बोट ठेवून जुळवायची. दहा मिनिटं लागतात. आणि शेवटचा चेक देताना सगळ्या जुन्या मूळ दस्तांची यादी करून ते ताब्यात घ्या.

८. रजिस्ट्रीनंतरचे तीस दिवस

किल्ली मिळाली की लोक पेंटर बोलावतात आणि फाईल कपाटात जाते. आधी सिटी सर्व्हे ऑफिसात फेरफाराचा अर्ज, सोबत इंडेक्स टू. एनआयटी किंवा नझूलची लीज असेल तर त्यांच्या रेकॉर्डला नाव. मग महापालिकेच्या आपल्या झोनमध्ये घरटॅक्सवर नाव, ओसीडब्ल्यूचं कनेक्शन, महावितरणचं मीटर. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारखेसह, आणि वहीत चिकटवा.

महिना-दीड महिन्यानं नवीन आखीव पत्रिका काढा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, क्षेत्रफळ अक्षर अक्षर वाचा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. मग तिची झेरॉक्स काढून त्या साखळीच्या पानाला टाचणी लावा आणि पानाच्या सगळ्यात वर, जुन्या मालकाच्या नावाच्या डोक्यावर, स्वतःचं नाव आणि दस्त नंबर लिहा.